देवी येऊन गेल्या

‘चिकित्सा’ हा शब्द वैद्यक आणि समीक्षा या दोन्ही क्षेत्रांत सारख्याच अधिकाराने वावरतो. तरीही वैद्यकाचा मानव्यविद्यांच्या अंगाने अभ्यास करावा असे म्हटले, की डॉक्टरांना थोडी सहानुभूती शिकवावी एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. मला तो अपुरा वाटतो. भाषेच्या अभ्यासकाचे काम त्याआधीच, रोगाला नाव मिळते तेथे, सुरू होते.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. ‘मला देवी झाल्या होत्या’ असे ती म्हणत नसे. ‘देवी येऊन गेल्या’ म्हणे. देवळातली देवी एकवचनी, अंगावरच्या देवी अनेकवचनी; क्रियापद मात्र येण्याजाण्याचेच. रोग हा येथे देहातील बिघाड नसून आगमन ठरतो, आणि घरातले सोवळे, कडुलिंबाचा पाला हे सारे उपचारापेक्षा आदरातिथ्याच्या अधिक जवळ जाते. सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या ग्रंथात आजाराला रूपकांपासून मुक्त करण्याचा आग्रह धरला. क्षय आणि कर्करोग यांच्याबाबत तो पटतो. आजीच्या वाक्यापाशी मात्र मी अडखळतो. उपमेय आणि उपमान यांचा भेद जाणवत असताना अभेद कल्पिला, तर रूपक होते. तिच्या लेखी तो भेदच नव्हता.

म्हणून या भाषेचे गौरवीकरण करावे असे नाही. आजीच्या धाकट्या बहिणीला ‘देवीने नेले’, आणि या वाक्यात ‘का’ असे विचारायला जागा नव्हती. ती जागा लशीने निर्माण केली. १८०२ साली मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. मराठीने लस टोचण्यालाही ‘देवी टोचणे’च म्हटले. शब्द तोच राहिला, पण ‘देवी आल्या’ यात कर्ता असलेल्या देवी ‘देवी टोचल्या’ यात कर्म झाल्या. एका मोठ्या स्थित्यंतराची नोंद व्याकरणाने अशी निमूटपणे करून ठेवली आहे.

आजही रुग्णाचे वाक्य केसपेपरवर उतरते ते परिभाषेत अनुवादित होऊनच. हा अनुवाद आवश्यक आहे. त्यावाचून उपचार संभवत नाहीत. परंतु त्यात कोणता कर्ता गळाला, कोणते क्रियापद बदलले, हे तपासणे ही समीक्षाच होय. ती झाली नाही, तर निदान अचूक असूनही तो आजार आपलाच आहे हे रुग्णाला ओळखू येणार नाही.