आषाढातले बोर्डी

समुद्रकिनाऱ्यावरच्या मुक्कामाचा ऑफ सीझन पावसाबरोबर सुरू होतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास संपतो. डहाणूच्या उत्तरेला असलेल्या बोर्डीत तो चटकन जाणवतो. मुंबई आणि गुजरातेतून येणारी गर्दी ओसरते, खोल्यांची भाडी उतरतात, सुरूच्या बनात खाण्याच्या गाड्या लागत नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणच्या शेतकऱ्यालाही जरा उसंत मिळते ती याच दिवसांत. उन्हाळ कांदा चाळीत पडलेला असतो, मक्याची निंदणी उरकलेली असते आणि लाल कांद्याचे रोप लावणीला यायला अवकाश असतो. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत समुद्र पाहणे ही नोकरदारांची चैन. शेतीवर पोट असलेल्या घराला आषाढच सोयीचा.

प्रस्तुत लेखकाचे कुटुंब आषाढ वद्य दशमीपासून अमावास्येपर्यंत बोर्डीला राहिले. सोबत सत्तरीची आई होती. तिने त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता.

कळवणहून बोर्डीचा रस्ता नाशिक, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार असा घाटमाथा ओलांडून खाली उतरतो. कळवणला रिमझिम असली तरी त्र्यंबकच्या पुढे पाऊस काच पुसू देत नाही. ढग सह्याद्रीच्या पश्चिम अंगावरच बहुतेक रिकामे होतात. पूर्वेकडच्या कळवण-देवळ्याच्या वाट्याला त्यांतले थोडेच येते. मोखाड्याच्या पुढे ओढ्यांचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. आई खिडकीला नाक लावून ते बघत होती. कासाजवळ सूर्या नदी लागली तेव्हा तिने विचारले, "हे सगळं असंच जातं?"

मुक्कामाच्या ठिकाणी दुपारी दीडच्या सुमारास पोचल्यावर समोर समुद्र नव्हता. दूरवर काळपट ओली रेती पसरली होती आणि तिच्या टोकाला एक करडी रेघ होती. आई म्हणाली, "आवर्तन बंद केलं वाटतं." चणकापूर धरणाचे पाणी कालव्याला ठरलेल्या दिवसांपुरते सोडतात आणि बंद करतात, आयुष्यभर तेच पाहिलेल्या माणसाला ओहोटी अशीच दिसणार.

समुद्राचे आवर्तन दिवसातून दोनदा येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. चंद्र दररोज तेवढाच मागे पडतो म्हणून असे होते. कोकणात यासाठी सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. दशमीला साडेसात, म्हणून दुपारी दीड-दोनला पाणी आत गेलेले. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत नसते, तेव्हाच्या मंद भरतीला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण. खंभातच्या आखाताकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, आणि बोर्डीचा किनारा उताराला अगदी सपाट असल्याने पाणी फार लांब हटते.

ओहोटीच्या रेतीवर आईचे दोन तास सहज जात. पाय न हलवता उभे राहिले की वाटाण्याएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात. खेकडा नांगीने रेती तोंडाकडे नेतो, तिच्यातले खाण्याजोगे तेवढे चाळून घेतो आणि उरलेल्या रेतीची गोळी करून मागे टाकतो. थोड्या वेळाने बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगा उमटतात. भरती त्या पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला काम पहिल्यापासून सुरू होते.

जेवणात ताजी मासळी नव्हती. राज्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी असते; तो माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. होड्या ताडपत्रीखाली ओढून ठेवलेल्या होत्या. ताटात सुक्या बोंबलाचे कालवण आले आणि आईला ते ओळखीचे वाटले, कारण सुका बोंबील कळवणच्या बाजारातही मिळतो. एरवी पोत्यातून निघणारा बोंबील इथे ओल्या हवेत कसा टिकवतात, हे तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारून घेतले.

पाऊस उघडला की गावात फिरता येते. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले ते या बोर्डीत. पुढे 1957 मध्ये ते जवळच्या कोसबाडला हलले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार या परिसरात रुजला. कळवणच्या आदिवासी पाड्यांवरल्या अंगणवाड्यांचे मूळ इथे आहे, म्हणून हा फेरफटका समुद्राइतकाच मोलाचा होता. बाकी वेळ चिकूच्या वाड्यांत आणि व्हरांड्यातल्या झोपेत गेला.

अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाण आले. राखणदार सांगून गेला, "दादा, आज सुरूच्या पलीकडं कुणी जाऊ नका." पाणी झाडांच्या मुळांपर्यंत चढले. पावसातला समुद्र निळा नसतो. त्याचा रंग नांगरटीतून वाहणाऱ्या पाण्यासारखा, मातीचा असतो. आईने तो रंग लगेच ओळखला आणि आपली गिरणाही इथेच येते का, असे विचारले.

येते, पण वळसा घेऊन. सुरगाण्याच्या पश्चिम उतारावरच्या नार आणि पार या नद्या गुजरातमधून सरळ समुद्र गाठतात. त्यांचे पाणी गिरणेत वळवण्याची मागणी त्यामुळेच आहे. गिरणा मात्र आधी पूर्वेला जाते, कळवण आणि मालेगाव ओलांडून जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते, आणि तापीबरोबर पश्चिमेला फिरून सुरतेच्या खाली समुद्रात उतरते. बोर्डीला समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, तर ते मुख उजव्या हाताला येते.