चंद्रकळा नेसून शूबर्ट

२७ डिसेंबर

कार्यक्रम ३१ जानेवारीला. फोर्टातलं छोटं सभागृह, बरा पियानो, दीड तास. गाणी सगळी शूबर्टची. शेवटची तीन काळीकुट्ट: 'एर्लकोनिग', 'मृत्यू आणि मुलगी', 'डोपेलगेंगर'. आयोजकांनी जाहिरातीसाठी माझा जुना फोटो पुढे केला. त्यात मोत्यांचा सर आहे, हसू आहे, मागे फुलदाणी आहे. तो बघून तिकीट काढलेल्या माणसाला तासाभरात बापाच्या कुशीत मेलेलं पोर ऐकवायचं, ही शुद्ध फसवणूक. फोटो मीच काढते, म्हटलं. छायाचित्रकाराला द्यायला पैसे नाहीत हेही आहेच. पण त्याहून मोठं कारण असं की या गाण्यांत मी 'मी' नसते, आणि मग कोण असते ते दुसऱ्या कुणाला समजावण्यापेक्षा स्वतः आरशापुढे बसून शोधणं सोपं.

पियानोवर साथ करणारा मडगावचा. तो फोनवर म्हणाला, "गॉथिक कर गो. मेणबत्त्या, कवटी, पांढरं तोंड." कवटीवर दोघंही हसलो. पांढऱ्या तोंडावर मी फारशी हसले नाही.

३० डिसेंबर

ही शैली आली कुठून ते आज चाळत बसले. मूकपटांतली नटी थेडा बारा हिचे १९१५ च्या सुमाराचे प्रसिद्धीचे फोटो: मोकळे केस, काजळाने भरलेले डोळे, पुढ्यात सांगाडा. स्टुडिओने उठवलं होतं की बाई सहारात जन्मली. बाई ओहायोतल्या सिनसिनाटीची. म्हणजे गूढ चेहरा करून तिकिटं खपवायची युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आपण काही नवं करत नाही. मग १९७९ मध्ये नॉर्थहॅम्प्टनच्या 'बाउहाउस' बँडने बेला लुगोसीवरचं ते नऊ मिनिटांहून लांब गाणं काढलं. गायिका सूझी सूचे काजळाचे कोन आले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहोत 'बॅटकेव्ह' क्लब उघडला. कपडे बदलले, केस उभे राहिले, पण पांढरा चेहरा टिकला.

रात्री चेहऱ्याला पांढरा लावून पाहिला. नाटकवाले पूर्वी सफेदा वापरत, म्हणजे झिंक ऑक्साइड. माझ्याकडे त्याचाच आधुनिक नातेवाईक आहे. सावळ्या कातडीवर पांढरा पांढरा राहत नाही, राखाडी होतो. भयाण वगैरे काही नाही, आजारी दिसत होते. आई दारातून डोकावली. "पीठ चाळत होतीस का?"

धुऊन टाकला. मला वाटतं, पांढरेपणा ही या शैलीची अट नाहीच. तिथल्या लोकांची कातडी आधीच अर्ध्या वाटेवर होती म्हणून तो रूढ झाला. अट आहे अंधाराची. चेहऱ्याचा किती भाग दाखवायचा नाही, हे ठरवता आलं पाहिजे.

२ जानेवारी

संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कठड्याशी उभी राहिले. एका हाताला आर्ट डेको इमारती, दुसऱ्या हाताला हायकोर्ट, राजाबाई टॉवर, विद्यापीठ, सगळं गॉथिक. २०१८ मध्ये युनेस्कोने हे दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरवले. जगात कमी शहरांना इतकं गॉथिक लाभलं असेल आणि आपण त्याच्या खालून लोकल पकडायला पळत असतो.

टॉवर १८७८ चा. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. तो मुंबईला कधी आलाच नाही. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. पण मी गेले होते ती वरच्या पुतळ्यांसाठी. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे त्या मनोऱ्यावर आहेत. युरोपातल्या मनोऱ्यावर जिथे संत आणि राक्षस असतात तिथे इथे पगड्या आणि आपल्याकडची नाकं आहेत. सीएसएमटीवरचं कोरीवकामही जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. म्हणजे गॉथिक चौकटीत आपला चेहरा बसतो का, हा प्रश्न मुंबईत एकोणिसाव्या शतकातच निकालात निघाला आहे. मीच उगाच सफेदा विकत घेतला.

पियानिस्टचा आग्रह होता की कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये फोटो काढावेत. जागा देखणी आहे यात वाद नाही, रंगीत काचा तर अप्रतिम. पण १८५८ चं ते चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं आहे. त्यांच्या स्मारकात मी मेल्याचं सोंग घेऊन उभं राहायचं, तेही तिकिटं खपवायला? नको. घरातली आतली खोली पुरे.

५ जानेवारी

सोंगावरून आठवलं. इपोलित बायार नावाच्या फ्रेंच माणसाने १८४० मध्ये स्वतःचा 'बुडून मेलेला माणूस' म्हणून फोटो काढला. अंगावर कपडा, डोळे मिटलेले, शेजारी मोठी गवती टोपी. कारण असं की छायाचित्रणाची स्वतःची रीत त्यानेही शोधली होती, पण मानसन्मान आणि सरकारी पैसा सगळा दागेरला मिळाला. म्हणून हा निषेध. फोटोमागे त्याने मृताच्या वतीने मजकूरही लिहिला. स्वतःला मेलेलं दाखवून लोकांचं लक्ष वेधायचा मान त्याच्याकडेच जातो.

मला त्यातले हात आवडतात. चेहरा आणि हात बाकीच्या अंगापेक्षा काळवंडलेले आहेत. मृतदेह सडू लागल्याचा विनोद त्याने स्वतःच करून ठेवला आहे. मेल्याचं पहिलं गाजलेलं सोंग असं काळ्या चेहऱ्याचं. आता पियानिस्टला सांगायला माझ्याकडे पुरावा आहे.

७ जानेवारी

'डोपेलगेंगर'चा फोटो. गाणं १८२८ चं, शूबर्ट गेला त्याच वर्षीचं, वय एकतीस. शब्द हाइनेचे. एक माणूस रात्री जुन्या प्रेयसीच्या रिकाम्या घरासमोर उभा राहतो. तिथे दुसरा कुणीतरी दुःखाने हात पिळत उभा असतो. चांदण्यात त्याचं तोंड दिसतं आणि ते याचंच असतं. पियानो सुरुवातीचे चार पोकळ स्वरसंघात पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, बाकी जवळजवळ काही नाही.

संगणकावर दोन फोटो जोडले असते तर काम चुटकीसरशी झालं असतं. पण एकाच उघड्या शटरमध्ये मला दोनदा उभं राहायचं होतं. मंगळदास मार्केटातून आणलेलं काळं वेलवेट भिंतीला लावलं. खिडकीच्या फटींना वर्तमानपत्र. कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, एफ ८, शटर २० सेकंद. खोली पूर्ण काळोखी. डावीकडे उभं राहून छोट्या टॉर्चचा उजेड चेहऱ्यावर टाकायचा, टॉर्चवर बटर पेपर. विझवायचा. अंधारात दोन पावलं उजवीकडे. तिथे हात पिळत पुन्हा उजेड. वेलवेट प्रकाश गिळतं म्हणून मागे काही उमटत नाही आणि दोन्ही आकृत्या भरीव येतात. मागे साधी भिंत असती तर ती अंगातून आरपार दिसली असती. हलत्या हातांचा धूर झाला, चेहरा मात्र स्थिर. हे गाणं म्हणताना मला नेमकं हेच करायचं असतं: वरचा आवाज स्थिर, खाली सगळं पिळवटलेलं.

काळोखात पायात स्टूल आलं. भाऊ बाहेरून म्हणाला, "भूत पडलं."

९ जानेवारी

लाल रंगाबद्दल लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल. जुन्या काचा आणि सुरुवातीची सिनेमाची फिल्म निळ्या प्रकाशाला जागी आणि लालाला आंधळी असे. त्यामुळे लाल ओठ काळे उमटत. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅनक्रोमॅटिक फिल्म रूळली, तेव्हा हा प्रकार संपला. मूकपटांतल्या त्या काळ्या ओठांचं गूढ बरंचसं रसायनाचं आहे.

आता तेच डिजिटलमध्ये मुद्दाम करता येतं. रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल आणि नारिंगी खाली ओढायचे. ओठ काळे, कुंकू काजळीसारखं काळं. सावळी कातडी तर झपकन गडद होते, कारण तिच्यात लाल-नारिंगीच जास्त. गोरं माणूस या खेळात थोडंसं सावळं होतं. मी थेट दगडाची झाले. कपाळावरचं काळं कुंकू बघून दोन मिनिटं स्वतःचीच भीती वाटली. काम जमलं म्हणायचं.

११ जानेवारी

'एर्लकोनिग'. शूबर्टने हे १८१५ मध्ये लिहिलं, अठरा वर्षांचा होता. शब्द ग्योटेचे. त्याच्या वतीने एका मित्राने हे आणि इतर गाणी ग्योटेला पाठवली होती. ती एका शब्दाशिवाय परत आली. पियानोचा उजवा हात घोड्याच्या टापांसारखा अखंड तिहेरीत धावतो. पियानिस्ट दर वेळी आठवण करून देतो की खुद्द शूबर्टनेही एक सोपी, दुहेरीतली आवृत्ती करून ठेवली आहे, आपण तीच वाजवू. मी दर वेळी नाही म्हणते.

गाणारी एक, आवाज चार: सांगणारा, बाप, मुलगा, आणि मुलाला न्यायला आलेला एर्लकोनिग, म्हणजे तो राजा. म्हणून चार चेहरे एका पट्टीत. बापावर एका बाजूने उजेड; त्याला जे दिसत नाही ती बाजू काळी. मुलावर समोरून सपाट उजेड, लपायला सावलीच नाही. सांगणाऱ्याची फक्त मान आणि अंबाडा.

राजावर दिवसभर अडले. आधी खालून दिवा लावला, हनुवटीखालून टॉर्च धरतात तसा. शाळेच्या सहलीतलं भूत. मग गाणं पुन्हा ऐकलं. मुलगा दर वेळी एक पायरी वर चढून ओरडतो, त्याचा सूर आणि पियानो एकमेकांना खुपतात. राजा मात्र हलक्या, गोड आवाजात मेजरमध्ये गातो, खेळ आणि फुलं कबूल करतो. चौघांत सगळ्यात सुंदर चाल त्याचीच. म्हणजे सगळ्यात सुंदर उजेडही त्यालाच हवा. खिडकीचा पडदा लावून गाळलेला दुपारचा मऊ उजेड, किंचित हसू, डोळे थेट समोर. चारही तोंडं शेजारी ठेवली तर अंगावर काटा येतो तो याच्यामुळे.

१४ जानेवारी

संक्रांत. वर्षातला हा एक दिवस आई स्वतःहून काळं काढते. एरवी माझ्या काळ्या कुर्त्यांवरून वर्षभर ऐकावं लागतं. आजीची चंद्रकळा नेसले. काळी, लाल काठाची, कापूर आणि ट्रंकेचा वास. गॉथिक झग्यासाठी मी उगाच दुकानं पालथी घालत होते. गेल्या आठवड्यातला लाल रंगाचा खेळ लावला की काठही काळा होतो आणि नुसता वळणांचा अंधार उरतो.

'मृत्यू आणि मुलगी'साठी हलव्याचे दागिने हवे होते. चुलतबहिणीच्या पहिल्या संक्रांतीसाठी मागवले होते त्यातले तन्मणी, बाजूबंद आणि बिंदी तिने दिली. काळ्यावर तो पांढरा काटेरी हलवा कॅमेऱ्यातून बघा एकदा. मोती गुळगुळीत, लाडके दिसतात; हलव्याचा प्रत्येक दाणा टोकदार, हाडासारखा कोरडा दिसतो. मंद आचेवर पाकाचं एकेक पूट देत आणलेला तो काटा कुठल्या कारखान्याला जमणार नाही.

आईला ते पटलं नाही. "हे नव्या सुनेचे, नाहीतर बोरन्हाणाच्या लेकराचे. मृत्यूच्या फोटोत कसे घालतेस?"

बरोबरच होतं तिचं. मी तिला गाणं समजावलं. मुलगी घाबरून म्हणते, मी अजून लहान आहे, जा. मग मृत्यू उत्तर देतो, जवळजवळ एकाच सुरावर, हळू. मी शिक्षा करायला आलेलो नाही, अशा अर्थाचं. दागिने मुलीच्या अंगावर आहेत. मृत्यूच्या अंगावर काहीच नाही, नुसती चंद्रकळा डोक्यावरून.

आई थोडा वेळ गप्प. "म्हणजे तिला जगायचंय ना? मग घाल. आधी तीळगूळ खा."

दिव्याच्या उबेने तन्मणी चिकट होऊ लागला. मुंग्या यायच्या आत उरकलं.

१७ जानेवारी

पोस्टर करणाऱ्या मुलाने मांडणी पाठवली. अक्षरं छान, मोकळी जागा छान, आणि माझा चेहरा चिनीमातीचा. तिन्ही फोटोंत त्याने कातडी उजळून, गुळगुळीत करून टाकली होती. म्हणाला, "ताई, गॉथिक आहे ना, म्हणून पेल केलं." वाईट हेतू नव्हता. त्याने पाहिलेले सगळे नमुने तसेच. मी मूळ फोटो परत पाठवले आणि सोबत राजाबाई टॉवरवरच्या एका पागोटेवाल्याचा. "हा बघ, १८७८ पासून गॉथिक आहे. त्याला कुणी उजळलं नाही." मुलाने अंगठा पाठवला. दुपारी मांडणी दुरुस्त होऊन आली.

२१ जानेवारी

छपाई. पडद्यावर जो अंधार खोल दिसतो तो साध्या कागदावर चिखल होतो. शाई पसरते आणि सावल्या भरून येतात. चंद्रकळेच्या चुण्या पहिल्या प्रुफात गायब. सावल्या उचलून घेतल्या, कागद मॅट आर्ट घेतला. छापखान्यातले काका प्रूफ उजेडात धरून म्हणाले, "काळा फार पितोय हो तुमचा फोटो." मग चार तोंडांच्या पट्टीवर बोट ठेवून, "हा तिसरा माणूस बरा वाटत नाही." तिसरा म्हणजे राजा. त्यांना गाण्यातलं काहीएक सांगितलेलं नव्हतं.

२४ जानेवारी

मोठ्या पोस्टरवर 'डोपेलगेंगर' गेला, हस्तपत्रकावर चार तोंडं. हलव्याचा फोटो फक्त कार्यक्रमपत्रिकेच्या आत, गाण्याच्या शब्दांशेजारी. रस्त्यावर लावायचा नाही, हे आईशी ठरलं होतं. सोसायटीच्या फलकावर पोस्टर लागल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं की भुताखेतांचा कार्यक्रम आहे का. हो म्हटलं. त्या दोन तिकिटं घेऊन गेल्या.

आयोजकांना हस्तपत्रकाखाली एक ओळ हवी होती. ती अशी दिली आहे: लहान मुलांना आणू नका. 'एर्लकोनिग'मध्ये पोर शेवटी मरतं आणि ते गोड करून गायलं जाणार नाही. कार्यक्रम साडेसहाला सुरू होईल. पहिलं गाणं चालू झाल्यावर दार उघडलं जाणार नाही.