घरपट्टीची पावती

पोलादपुरात एसटी थांबली की तीन वाटा : मागं महाड, समोर कशेडी घाट उतरून खेड आणि डावीकडं आंबेनळीनं महाबळेश्वर. उतरणारे थोडे, पुढं जाणारेच फार. महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्रीसुद्धा इथं रेंगाळत नाही, महाडवरून बाणकोटची खाडी गाठते. मागं राहते ती घरपट्टी.

वडील मुंबईला गिरणीत. मार्चच्या मनिऑर्डरीत थोडे पैसे जादा असत आणि कुपनावर दोनच शब्द : ‘पट्टी भरणे’. भरल्याची पावती आजी खिडकीच्या गजाला अडकवलेल्या तारेत खोचून ठेवी. घर आपलं असल्याचा तो तिच्या लेखी पक्का दाखला. कायद्यानं घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, पण हे आजीला सांगणार कोण?

शाळेत नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असे तीन मजले शिकलो. 1958चा ग्रामपंचायत कायदा आणि 1 मे 1962 ही पंचायत राज सुरू झाल्याची तारीख पाठ केली. प्रत्यक्षात आमच्यासाठी पंचायत म्हणजे शिपाई. पाणी तोच सोडी, पट्टीचं बिल तोच आणी आणि दवंडीही तोच देई. पुढं एकदा नमुना 8चा उतारा काढला, तेव्हा आमचं घर कागदावर वाचलं : मातीच्या भिंती, कौलारू छप्पर. कौलं जाऊन स्लॅब पडला की पट्टी वाढते. कोणाच्या पोराला मुंबईत बरी नोकरी लागली, हे गावाला त्या नोंदवहीवरूनच कळावं.

1 मेच्या ग्रामसभेला सुट्टीवर आलेले चाकरमानी हटकून जात. पाणंद कोणी अडवली, नळाला पाणी कुठल्या आळीत येत नाही, यावर आवाज चढत. ठराव किती अमलात आले, ते सोडा. पण कुणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकत होता. 2011पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्यावर काही प्रश्न अधिकच टोकदार झाले.

2014नंतर सरकारनं तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती करायला घेतल्या. आमचीही झाली. सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, नगराध्यक्ष आणि वर सरकारनं नेमलेला मुख्याधिकारी. एका प्रभागात मतदार जेमतेम काही शेकडे, त्यामुळं निवडणुकीत सख्खे चुलते समोरासमोर. निधी वाढला, हे खरं. ग्रामसभा मात्र गेली. नगरपंचायतीच्या कायद्यात ती नाहीच.

शहर म्हणावं असं इथं आहे काय? तहसील, बाजार, एसटी स्टँड, दवाखाना. यांचा वापर करतात ती डोंगरातली खेडी, जी अजून आपापल्या ग्रामपंचायतीत आहेत. 2021च्या जुलैत केवनाळे आणि साखरसुतारवाडीत दरडी कोसळल्या, तेव्हा धावपळीचं ठिकाण पोलादपूरच होतं. म्हणजे गावाचा भार उचलायचा तो हद्दीबाहेरच्यांसाठी आणि पट्टी भरायची ती मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी! असल्या गावाची सीमा नकाशावर कशी आखायची, याचं उत्तर मला कुठल्याच कायद्यात दिसलेलं नाही.

आता चुलतभाऊ पट्टी भरतो आणि पावतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. शीर्षक बदललंय, आकडाही. ग्रामसभा गेली म्हणून मी डोंबिवलीत बसून हळहळतो, तेव्हा तो हसतो. त्याचं बरोबर आहे : माझं नाव इथल्या मतदारयादीत. तिथल्या सभेत मला हात वर करायचा हक्क तेव्हाही नव्हता, नुसतं बोलू द्यायचे.