भाईजानची शिकार, अम्मींची डाळ

शिकारीला आपल्या दीनमध्ये परवानगी आहे, हे आपण सगळेच ऐकून असतो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाच्या शिकारीचे मसले किताबातच राहिले. आम्हीही ते लहानपणी पाठ केले आणि विसरून गेलो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाईजानकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा ते सगळे पुन्हा आठवावे लागले.

भाईजान अनेक वर्षांपासून डेन्व्हरला राहतात. दरवर्षी ते शेजारच्या वायोमिंग राज्यात प्रॉन्गहॉर्नच्या शिकारीला जातात. तिथले लोक या जनावराला अँटिलोप म्हणतात, पण ते खरे कुरंग नाही. त्याच्या कुळात आता ही एकच जात उरली आहे आणि जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर ते धावू शकते. या वेळी आम्ही दोघे, आमची दोन मुले, अम्मी, भाईजान-भाभी, त्यांचा मुलगा, भाईजानच्या ऑफिसातला एक ख्रिस्ती सहकारी आणि मशिदीतले एक पाकिस्तानी दोस्त असा काफिला निघाला. वाटाड्या कोणी नव्हता. तंबू, बर्फाच्या पेट्या, पाणी, स्वयंपाकाचा गॅस सगळे आपणच न्यायचे होते.

मुलांना वाटत होते की बंदूक घेतली की झाली शिकार. पण तिथे बाहेरच्या राज्यातल्या माणसाला उन्हाळ्यातच अर्ज करावा लागतो आणि सोडतीत नाव लागले तरच परवाना मिळतो. परवान्यावर शिकारीचा इलाका ठरलेला असतो. भाईजानच्या नावावर एका मादीचा परवाना निघाला होता. पिल्ले मे-जूनमध्ये जन्मतात आणि ऑक्टोबरपर्यंत स्वतः चरू लागतात. 1966 पासून पुढे जन्मलेल्याला शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा. पाहुण्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही, हे भाईजाननी घरीच बजावले होते. आमच्या वाट्याला दुर्बीण आली.

लॅरमी ओलांडून आम्ही पश्चिमेला रॉलिन्सच्या बाजूला गेलो. झाड म्हणून नाही, नुसती राखाडी-हिरवी सेजब्रशची झुडपे आणि कान सुन्न करणारा वारा. या राज्यात केंद्र सरकारच्या भूमी खात्याकडे सुमारे 1 कोटी 80 लाख एकर जमीन आहे. आपल्या गायरानासारखी ती सर्वांची. तिथे गरीब-श्रीमंत कोणीही तंबू ठोकावा. मात्र 1860 च्या दशकात रेल्वे कंपनीला एकाआड एक चौकोन बहाल झाले होते, त्यामुळे रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना सरकारी आणि खाजगी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी पसरली आहे. फोनवरच्या नकाशात सरकारी चौकोन पिवळे दिसतात. पहिल्या दिवशी एक कळप अगदी टप्प्यात होता, पण पांढऱ्या चौकोनात, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीत. मध्ये ना भिंत, ना पहारेकरी. भाईजान खाली बसले आणि आम्ही सगळे गुपचूप परत फिरलो.

जोहरची नमाज आम्ही गाडीच्या आडोशाला कसर करून अदा केली. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करणारी मुले तिथे ईशान्येकडे तोंड करून उभी राहताना चक्रावली. पृथ्वी गोल आहे हा धडा त्या दिवशी त्यांना नीट कळला.

निघण्यापूर्वी भाईजाननी मशिदीच्या इमामसाहेबांना एक सवाल केला होता. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेला बाण जनावराच्या अंगात घुसला आणि ते मेले तर ते हलाल, पण एखाद्या वस्तूच्या नुसत्या माराने मेले तर नाही. ही तालीम हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसमधून मिळते. बंदुकीची गोळी मात्र पुढच्या काळातली. आपल्या उपखंडातले अनेक हनफी उलेमा म्हणतात, गोळी लागलेले जनावर जिवंत हाती लागले आणि त्याला जबह केले तरच खावे. अरब देशांतले अनेक उलेमा टोकदार गोळीला बाणासारखे मानतात. इमामसाहेबांनी दोन्ही मते सांगितली आणि म्हणाले, ज्याला ज्या मतावर इत्मिनान आहे त्याने त्यावर चालावे, फक्त दस्तरखानावर भांडू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर एका उताराआड चार-पाच माद्या दिसल्या. प्रॉन्गहॉर्नची नजर फार तीक्ष्ण. भाईजान आणि त्यांचे दोस्त निवडुंगाच्या काट्यांतून पोटावर सरपटत गेले. आम्ही मुलांना घेऊन दूर थांबलो. ‘बिस्मिल्लाही अल्लाहु अकबर’ आम्हाला ऐकू आले नाही, गोळीचा आवाज तेवढा आला. मादी थोडी धावली आणि कोसळली. भाईजान सुरी घेऊन पळाले, पण पोहोचण्याआधीच तिचा जीव गेला होता.

अम्मी गाडीतून उतरून हळूहळू तिथवर आल्या. त्यांनी एकदाच विचारले, “श्वास होता का?” भाईजान म्हणाले, “नव्हता अम्मी.” अम्मी म्हणाल्या, “मग मी नाही खाणार. तुम्ही तुमच्या मतावर खा.” भाईजानचा चेहरा उतरला. अम्मींना आपल्या हातची शिकार खाऊ घालायची, हे त्यांच्या मनात कधीपासून होते.

आमच्या धाकट्याने विचारले, “चाचूंनी पायावर गोळी मारली असती तर? मग ती जिवंत राहिली असती, जबह करता आली असती आणि दादीने खाल्लीही असती.” आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. अम्मी म्हणाल्या, “बेटा, माझ्या ताटासाठी तिला तडफडत ठेवायचे? सुरीला धार करा, जनावराला कमीत कमी तकलीफ द्या, हे आपल्या नबींनी (स.) शिकवले आहे. तुझ्या चाचूने नेम धरून एका गोळीत काम केले, ते बरोबर केले. ते माझ्या नशिबी नव्हते, एवढेच.”

मग परवान्याचा तुकडा भरून जनावराला बांधला. कातडे लवकर काढावे लागते, नाहीतर गोश्त बिघडते. खाण्याजोगे गोश्त रानात टाकून येणे हा तिथे गुन्हा आहे. वाटे पडले: एक सहकाऱ्याला, एक पाकिस्तानी दोस्ताला, बाकी घरी. आम्ही दोघांनी अम्मींच्या मताप्रमाणे चालायचे ठरवले. रात्री तंबूत भाभींनी आले-लसूण लावून कबाब भाजले. अम्मींनी आणि आम्ही मसूरची डाळ-भात खाल्ला, एकाच दस्तरखानावर बसून. खरे सांगायचे तर कबाबाचा वास फार सुंदर होता.

परतीच्या वाटेवर मुलांनी विचारले, इथे चालते तर आपल्याकडे काळविटाला हात लावायलाही बंदी का? तिथेही एकेकाळी बेसुमार शिकारीने प्रॉन्गहॉर्न संपत आले होते. मग शिकार बंद झाली, कळप वाढले, मोजदाद सुरू झाली आणि तेव्हा कुठे परवाने आले. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आपल्याकडे काळवीट कमी आहेत, म्हणून त्यांना कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. सूरह माइदामध्ये पाहा, जी शिकार एरवी हलाल, तीच एहराम बांधल्यावर हराम होते. जनावर तेच, माणूस तोच, पण हात आवरायचा. मुलांना हे पटले असे वाटते, कारण रॉलिन्सच्या पांढऱ्या चौकोनापाशी चाचूंना हात आवरताना त्यांनी पाहिले होते.

अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे. नाताळच्या सुट्टीत मुलांना तिथे नेणार आहोत, इन्शाअल्लाह. अम्मीही येतो म्हणाल्या आहेत. भाईजाननी निघताना त्यांची जुनी दुर्बीण आमच्या बॅगेत टाकली, ती बरोबर घेऊ.