विळी आणि सुरी

आमच्या आईने वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षापर्यंत सुरीला हात लावला नव्हता. सुरीने फार तर लिंबू कापावे, असे तिचे मत. विळीच्या पाटावर पाय दाबून बसले की दोन्ही हात मोकळे. पाते जागच्या जागी राहते आणि भाजीच त्याच्याकडे जाते. नवी मुंबईत, वाशीच्या आमच्या घरात उभ्याने काम करण्याचा ओटा होता, तरी आईची विळी जमिनीवरच राहिली. पण गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला, डॉक्टरांनी खाली बसणे बंद केले आणि ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून आमच्या वेड्यावाकड्या फोडींकडे नुसती पाहत बसू लागली. तिचे ते पाहणे मला सोसवेना.

सुरी आणण्याचे काम मी अंगावर घेतले. प्राध्यापकाने बाजारात जावे आणि फसून यावे, ही तर जुनीच रीत! एका झगमगीत दुकानातून मी लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सहा सुऱ्या 2,400 रुपयांना आणल्या. पंधरवड्यात त्यांपैकी एकही टोमॅटोची साल धडपणे कापीना. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हा न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून त्याची थट्टा झाली होती. थट्टा करणाऱ्यांची बाजू मला आता पटली.

शेवटी तुर्भ्याच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने मला शहाणे केले. "सर, चकाकी पाहू नका, मूठ पाहा." पात्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आणि रिव्हेटांनी घट्ट बसवलेले हवे, नाहीतर एखाद्या दिवशी पाते भोपळ्यात राहते आणि मूठ हातात येते. पाते डोळ्यांसमोर आडवे धरून कड सरळ आहे ना, ते पाहावे. साध्या पोलादाची सुरी स्वस्त आणि धारेला उत्तम. पण लिंबू-चिंचेने ती काळी पडते आणि ओली ठेवली की गंजते. पुसून ठेवण्याची शिस्त नसलेल्या घरांनी (आमचे त्यांतलेच) न गंजणारी घ्यावी. एक मोठी, एक लहान, बस्स! उरलेल्या पैशांत धारेचा दगड. कोणतीही सुरी बोथट होणारच. दगड ओला करून पाते सुमारे 20 अंश तिरपे धरले आणि दोन्ही अंगांनी सारखे घासले, की स्वस्त सुरीही महागडीला लाजवते. एकूण बिल 490 रुपये झाले. हिने ते वाचले, मग त्या सहा सुऱ्यांच्या ठोकळ्याकडे पाहिले, आणि कृपावंत होऊन ती काहीच बोलली नाही.

जेवणाच्या टेबलावर लाकडी पाट मांडून आईपुढे सुरी ठेवली. तिने ती धार स्वतःकडे करून उभी धरली आणि विळीवर सरकवावी तशी भेंडी तिच्यावर सरकवू लागली. माझ्या छातीत धस्स झाले.

"आई, हलवायची ती सुरी. भेंडी नव्हे."

"मला कळतंय रे," ती म्हणाली, "पण हाताला कळायला नको का?"

पाच-सहा दिवसांनी कॉलेजातून परतलो तो टेबलावर कोबीचा ढीग. थोडा जाड होता, पण सगळा एकसारखा. मी काही बोलण्यापूर्वीच आईने सुरी माझ्याकडे सरकवली.

"धार उतरली आहे. लावून ठेव. उद्या मेथी आहे."