पेटी गेली, फिडल राहिले

नाटकातील पद नाट्यगृहात ऐकणे आणि तेच नभोवाणीवर ऐकणे, या दोहोंत अंतर किती पडते याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. नाट्यगृहात पद येई ते नटाच्या मुद्रेसह, शालूच्या झगमगाटासह आणि 'वन्स मोअर'च्या गजरासह. पाव घटकेचे पद अर्ध्या तासावर गेले तरी कोणाची तक्रार नसे. 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे केंद्र उघडले आणि असली पदे घड्याळाच्या काट्याशी बांधली जाऊन दिवाणखान्यातील लाकडी खोक्यातून येऊ लागली. वर्षाचे 10 रुपये भरून परवाना काढणाऱ्या गृहस्थास गवई दिसत नसे. परंतु जे ऐकू येई ते उघडेबोडके ऐकू येई. स्वर कोठे लागला, कोठे हुकला आणि पेटीने तो कोठे सावरून घेतला, हे लपविण्यास तेथे शालू नव्हता.

पेटीने सावरणे हा आमच्या नाट्यसंगीताचा जुना आधार होय. 1911 सालच्या 'मानापमान' नाटकाच्या चाली ज्यांनी दिल्या ते गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. गाणाऱ्याने श्वास घेतला की ती जागा पेटीने किंवा ऑर्गनने भरावयाची, हा रिवाज इतका अंगवळणी पडला होता की पेटीवाचून पद म्हणजे मिठावाचून भाजी! आणि 1 मार्च 1940 पासून सरकारने नेमकी हीच पेटी नभोवाणीवरून हद्दपार केली.

कारणे सांगितली गेली ती पोकळ नव्हती. पेटीचे स्वर ठोकळेबाज, समान अंतरावर बसविलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघणे अशक्य. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स यांनी 1938 साली तिच्याविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथांचाही तिच्यावर रोष होता. आमच्याकडे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बंदीच्या कितीतरी आधी हा दोष ओळखून क्लेमंट्स साहेबांच्या साह्याने बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोप केला. ती रूढ झाली नाही ही गोष्ट वेगळी. परंतु 'पेटी परकी म्हणून नको' असे जे आणखी एक कारण पुढे केले जाई, ते मात्र आम्हांस कधीच पटलेले नाही. पेटी पॅरिसची खरी. मग फिडल काय पैठणचे? तेही गोऱ्यांच्या गलबतांतूनच आले. एकोणिसाव्या शतकात मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. त्याला पडदे नाहीत आणि ते गळ्यासारखे वळते, एवढ्या गुणावर त्याला मांडी घालून बसण्याची जागा मिळाली. इतकेच काय, ज्या धुनीने नभोवाणी आपला दिवस उघडते, ती व्हायोलिनवरचीच. आणि तिचा कर्ता वॉल्टर कौफमान हा कार्ल्सबादचा ज्यू, 1934 साली मुंबईस आलेला. मागे तंबोरा, स्वरांत शिवरंजनीची छाया, वाद्य विलायती. परकेपणाच्या आरोपाचे उत्तर सरकार रोज सकाळी स्वतःच वाजवून दाखवीत होते!

या बंदीने काहीच साधले नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पेटी उठल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत सारंगी आणि व्हायोलिन आले, आणि साथीची सवय झालेल्या कानांना पुढे नुसते व्हायोलिनही गोड लागू लागले. गजाननराव जोशी यांच्यासारखा जातिवंत गवई गज हाती घेई तेव्हा वाद्यातून गायकीच उतरे. पण ज्या पेटीवाल्यांनी आयुष्य घालवून बोटे तयार केली, त्यांना त्या दारातून मागे फिरावे लागले, हा हिशेब श्रुतींच्या वादात कोणी मांडला नाही. बैठकीत मात्र पेटी होती तशीच राहिली. तोच गवई शनिवारी दिवाणखान्यात पेटीवर गाई आणि सोमवारी केंद्रावर तिच्यावाचून. त्याच्या स्वरांत या दोन दिवसांत काही पालट होई काय, हे श्रुतिपंडितांनी ऐकून ठरवावयास हवे होते.

आमच्या लहानपणी रेडिओवर व्हायोलिनवरील नाट्यपद लागले की आमचे तीर्थरूप डोळे मिटून ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत. त्यांना पद पाठ, म्हणून ते पदच ऐकत. आम्हांस शब्द ठाऊक नसल्यामुळे आम्ही निव्वळ स्वर ऐकत असू. "कोणते पद ते?" असे विचारले तर ते हाताने थांबवीत आणि पद संपल्यावर नाव सांगत, पण तोवर निवेदकाने पुढच्या कार्यक्रमाची घोषणा सुरू केलेली असे.

1971 साली बंदी सैल झाली आणि पेटी काही अटींवर केंद्रात परतली. ती आली तेव्हा व्हायोलिनास कोणी उठविले नाही.