जागा मानवणे

माणसाला जसे पाणी मानवावे लागते, तशी यंत्राला जागा मानवावी लागते. अलिबागकराने तरी हे विसरू नये. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली आमच्याच गावी आली.

मी मात्र विसरलो. अप्पा गेल्यापासून आईने त्यांच्या तबकड्यांना हात लावला नव्हता. तिच्यासाठी लॅमिंग्टन रोडवर लाउडस्पीकरांच्या दोन जोड्या ऐकल्या आणि थोरली, महागडी उचलली. माजघराच्या कोपऱ्यांत ती मांडली मात्र, डग्गा असा घुमू लागला की आई म्हणाली, “विहिरीत बसून वाजवतायत का रे?”

खोली १२ फूट चौरस, भिंती जांभ्याच्या. अशा खोलीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा खर्ज आणि त्याच्या पटीतले स्वर भिंतीभिंतींत येरझारा घालून फुगतात. कोपरा त्यांना आणखी चढवतो. थोरली जोडी परत करून धाकटी आणली, भिंतीपासून ३ फूट पुढे ओढली, समोरच्या भिंतीवर आईच्या गोधड्या टांगल्या.

तबकडी संपली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दुसरी बाजू लाव.”